टाळूवरचा उजेड

ज्या दुखण्याने कोणी दगावत नाही, ज्यासाठी अंथरूण धरावे लागत नाही आणि ज्याची दखल कोणत्याही सरकारी दफ्तरात घेतली जात नाही, त्या दुखण्याला आपल्या घरांत दाद मिळत नाही. आणि दाद मिळत नाही म्हणूनच ते कोवळ्या वयात मनाच्या तळाशी जाऊन बसते, असा माझा चार दशकांहून अधिक काळाच्या व्यवसायातला अनुभव आहे. मी त्वचारोगांचा डॉक्टर आहे. सांगलीसारख्या जिल्ह्याच्या गावी बसून खरूज, नायटा, इसब, कोड आणि कुष्ठ असे नाना विकार मी पाहिले. त्यांपैकी कित्येकांपुढे डोक्यावरचे केस विरळ होणे ही बाब क्षुल्लक ठरावी, असे कोणी म्हटले तर वैद्यकशास्त्राच्या हिशेबाने ते चुकीचेही नाही. तथापि पंधरा ते एकोणीस या वयात ज्या मुलाच्या किंवा मुलीच्या मस्तकावरील केस गळू लागतात, त्याच्या दृष्टीने जगातील अन्य सर्व विकार दुय्यम होतात, हे मी ग्रंथांतून शिकलो नाही. माझे स्वतःचे केस सोळाव्या वर्षी गेले.

गेले म्हणजे एका रात्रीत गेले असे नव्हे. १९६५च्या सुमाराची ही गोष्ट. त्या वेळी एस.एस.सी. म्हणजे अकरावी, आणि अकरावीतल्या प्रत्येक मुलाच्या खिशात एक कंगवा असे. देव आनंदच्या धर्तीवर कपाळावर केसांचा कोंबडा काढावयाचा आणि शाळेच्या व्हरांड्यात उगाच दोन फेऱ्या मारावयाच्या, हा त्या वयाचा शिरस्ता होता. आमच्या आजोबांच्या पिढीची माणसे पटका किंवा पागोटे बांधीत, वडिलांच्या पिढीची गांधी टोपी घालीत, आणि त्यामुळे त्यांच्या मस्तकाची खरी अवस्था घरच्या माणसांवाचून कोणाला ठाऊक नसे. आमची पिढी गावात उघड्या डोक्याने हिंडणारी पहिली. हा नवा अधिकार हाती आला त्याच वर्षी तो आपल्यापुरता रद्द होत आहे, असे मला वाटू लागले. कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून केसांची हद्द मागे सरत होती. ती मी आरशात पाहत होतो आणि प्रकाशाचा दोष म्हणून मनाची समजूत घालीत होतो.

टाळूची वार्ता मात्र मला न्हाव्याच्या दुकानात कळली. केस कापून झाले की तो लहान आरसा मानेमागे धरून मागचे काम दाखवी, हे त्याचे नेहमीचे. त्या दिवशी त्याने आरसा धरला, किंचित वर नेला आणि समोरच्या मोठ्या आरशात माझी टाळू उमटली मात्र, त्याने तो झटकन खाली घेतला. एक शब्द बोलला नाही. पावडरचा फुगा मानेवर फिरविला, कापड झटकले आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली. त्याच्या त्या मौनात किती सौजन्य होते हे आज मला उमगते. त्या वेळी मात्र त्याने काहीतरी भयंकर पाहिले आहे एवढेच मला कळले, आणि घरी येऊन मी दार लावून घेतले.

यानंतरची दोन वर्षे मी जे केले त्याला लपविणे याशिवाय दुसरे नाव नाही. पावसाचे मला भय वाटू लागले, कारण ओले केस एकमेकांना चिकटून त्यांच्यामधली कातडी उघडी पडते. कृष्णेत पोहणे सोडले. रंगपंचमीला अंगात ताप असल्याचे सांगून माडीवर बसून राहिलो. सायकल वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने चालवावयाची वेळ आली की उतरून चालत जाऊ लागलो. वर्गात दिव्याखालचा किंवा खिडकीजवळचा बाक मी टाळी. परीक्षेच्या हॉलमध्ये आसनक्रमांक पाहताना पहिला विचार पेपरचा न येता, मागे कोण बसणार आणि त्याला काय दिसणार, याचा येई. हे सारे सविस्तर सांगण्याचे कारण असे की माझ्याकडे येणारी आजची मुलेही, त्यांच्या टोप्या आणि टाळू झाकणाऱ्या पुडी निराळ्या असल्या तरी, नेमके हेच करीत असतात. आणि गळलेल्या केसांनी त्यांचे जेवढे नुकसान होते त्याच्या कितीतरी पट नुकसान हे लपविण्यात खर्ची पडणारे लक्ष करते, असे माझे ठाम मत आहे. ज्या वयात बुद्धी सर्वांत तल्लख असते त्या वयातली दोन-तीन वर्षे दिव्याची जागा आणि वाऱ्याची दिशा पाहण्यात जावीत, यासारखी दुसरी हानी मला दिसत नाही.

त्याच काळातला एक प्रसंग माझ्या मनात कायम राहिला आहे. भर्तृहरीच्या नीतिशतकात दैवगतीविषयी एक श्लोक आहे : उन्हाने मस्तक पोळलेला एक खल्वाट मनुष्य सावलीसाठी झाडाखाली जातो आणि तेथेच वरून मोठे फळ पडून त्याचे मस्तक फुटते. वामन पंडितांनी नीतिशतक मराठीत आणलेले असल्यामुळे श्लोकाचा आशय आमच्यापैकी बहुतेकांना घरूनच ठाऊक होता. संस्कृतच्या तासाला तो निघाला तेव्हा मागच्या बाकावरून कोणीतरी माझे आडनाव पुटपुटले आणि सारा वर्ग हसला. मास्तरांनी हसणाऱ्यांना शिक्षा केली नाही. त्यांनी मला उभे करून श्लोकाचा अन्वय लावावयास सांगितले. मी तो लावला, बिनचूक लावला. "ठीक," म्हणून ते पुढच्या श्लोकाकडे वळले. त्यांचा हेतू काय होता हे मी त्यांना कधी विचारले नाही. परंतु त्या दिवशी चाळीस मुलांनी माझ्या डोक्याकडे उघडपणे पाहिले, मी त्यांच्यासमोर उभा राहून बोललो, आणि आकाश कोसळले नाही, एवढी गोष्ट माझ्या पदरी पडली.

घरात माझी कैफियत जर कोणी ऐकली असेल तर ती आजीने. ती मळ्याच्या पाटाकडेचा हिरवा माका उपटून आणी, पाट्यावर वाटून त्याचा रस काढी आणि तो खोबरेल तेलात मंद आचेवर कढवीत बसे. कढईतून चरचर आवाज येत असेतो रसातले पाणी शिल्लक आहे, आवाज थांबला की तेल सिद्ध झाले, हे तिचे माप. तेल काळसर हिरवे होई आणि घरभर कडवट वास पसरे. रविवारी ते ती माझ्या टाळूवर जिरवी. माक्याला आपल्या आयुर्वेदीय ग्रंथांनी केश्य म्हटले आहे, आणि खालित्य, पालित्य, इंद्रलुप्त अशी केसांच्या विकारांची वेगवेगळी वर्गवारीही त्यांनी केलेली आहे. माझे केस त्या तेलाने परत आले नाहीत. पण त्या घरात माझ्या डोक्याला नजर न चुकविता स्पर्श करणारे ते एकच माणूस होते, आणि पुढे रुग्णाच्या मस्तकाला हात लावताना मोजे चढविण्याची घाई मी सहसा करीत नाही, ती सवय मला तिच्याकडून आली असावी.

वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्यावर त्वचाविभागाचे जे वृद्ध प्राध्यापक होते त्यांच्याकडे मी एके दिवशी बाह्यरुग्ण विभाग आटोपल्यावर गेलो. काय म्हणावयाचे ते पाठ करून गेलो होतो. ते म्हणण्याची वेळच आली नाही. त्यांनी मला खिडकीशी नेले, दुपारच्या उन्हात मान खाली घालावयास सांगितली, कंगव्याच्या टोकाने भांग पाडून टाळू, दोन्ही कोपरे आणि मागची बाजू बराच वेळ न्याहाळली, बोटांच्या चिमटीत केस धरून ओढून पाहिले. मग म्हणाले, "हे वाढत जाणार. तिशीपर्यंत वरचा भाग मोकळा होईल. आज यावर औषध नाही. आहे असं कोणी म्हणालं तर त्याला पैसे देऊ नकोस. तुझी प्रकृती उत्तम आहे." या पाच वाक्यांत सांत्वनाचा एकही शब्द नव्हता. तरी त्या रात्री वसतिगृहावर मला कित्येक महिन्यांत लागली नव्हती अशी झोप लागली. जो उजेड मी इतकी वर्षे टाळीत आलो होतो त्याच उजेडात कोणीतरी माझे डोके पुरते पाहिले होते आणि जे दिसले ते मला सांगितले होते. मी पुढे हीच विद्याशाखा का निवडली, या प्रश्नाचे माझ्याजवळचे उत्तर ती खिडकी हेच आहे.

शास्त्र मग हळूहळू कळत गेले. मनुष्याच्या मस्तकावर साधारणतः एक लाख केस असतात. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षे वाढतो, दोन-तीन आठवडे त्याची वाढ आवरली जाते, सुमारे तीन महिने तो विसावतो आणि मग गळून त्याच मुळातून नवा उगवतो. म्हणून रोज पन्नास ते शंभर केस गळणे हा निसर्गाचा नित्याचा व्यवहार होय. ज्यांच्या केसांच्या मुळांना आनुवंशिक संवेदनशीलता असते त्यांच्या बाबतीत, वयात येताना शरीरात निर्माण होणारे पुरुषी संप्रेरक, विशेषतः त्याचे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन हे रूप, या चक्रातला वाढीचा काळ आखडून टाकते. प्रत्येक फेरीला केस आधीपेक्षा आखूड, बारीक आणि फिका उगवतो, आणि अखेर लव तेवढी उरते. जेम्स हॅमिल्टन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने १९४२ साली दाखवून दिले की वयात येण्यापूर्वी ज्यांचे वृषण निकामी झाले आहेत अशा पुरुषांना टक्कल पडत नाही; पण त्यांना ते संप्रेरक बाहेरून दिले तर ज्यांच्या घराण्यात टक्कल आहे त्यांचे केस जाऊ लागतात. संप्रेरक आणि आनुवंशिकता या दोहोंची अशी गाठ पडल्यावाचून हा प्रकार घडत नाही. तेल कमी लावले, साबण बदलला, बोअरचे पाणी लागले, रात्री जागून अभ्यास केला, ही जी कारणे घरोघर मुलाच्या माथी मारली जातात, त्यांचा या जातीच्या केसगळतीशी संबंध नाही. डोके तुळतुळीत केल्याने केस दाट येतात हाही समज असाच. मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी १९२८ सालीच वस्तऱ्याचा केसांच्या वाढीवर परिणाम होत नाही हे पडताळून पाहिले होते, तरी परीक्षेच्या ऐन तोंडावर मुलाचे मुंडण करून त्याला वर्गात पाठविणारे पालक मी आजही पाहतो.

आनुवंशिकतेचा एक कौटुंबिक जाच आहे, त्याविषयी थोडे बोलले पाहिजे. "मामावर गेला," असे आपल्याकडे सर्रास म्हणतात, आणि या बोलण्याने कित्येक आयांचे जिणे कडू झालेले आहे. संप्रेरकाला दाद देणाऱ्या ग्राहीचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते आणि मुलाला ते गुणसूत्र आईकडून मिळते, एवढे या म्हणण्यात तथ्य आहे. पण टकलाला कारणीभूत होणारी जनुके अनेक आहेत, आणि ती बापाकडूनही तितक्याच इमानाने येतात. एकदा मिरजेपलीकडच्या एका खेड्यातून आईबाप आपल्या सतरा वर्षांच्या मुलाला घेऊन आले. बाप बोलत होता, आई खाली मान घालून बसली होती. तिच्या भावाचे टक्कल, तिच्या बापाचे टक्कल, लग्नाच्या वेळी हे आम्हांला कोणी सांगितले नाही, असा सारा पाढा त्याने वाचला. मी मुलाला तपासले, आणि मग त्या गृहस्थांना विनंती केली की, "आपण जरा टोपी काढता का?" त्यांनी डोक्यावरची गांधी टोपी काढली. टाळूपासून कपाळापर्यंत केस म्हणून नव्हता. इतकी वर्षे ती टोपी दिवसभर डोक्यावर असल्याने त्यांच्या स्वतःच्या हे ध्यानातून गेले असावे. मुलाने बापाच्या डोक्याकडे पाहिले, आईने पाहिले, आणि बराच वेळ कोणी काही बोलले नाही. पुढच्या खेपेला ते एकटेच मुलाला घेऊन आले आणि म्हणाले, "माझंच आलंय डॉक्टरसाहेब, आता काय करता येतंय ते बघा."

सगळीच केसगळती या जातीची नसते. केस गळतात म्हणून घाबरून आलेल्या मुलांपैकी पुष्कळांचे केस परत यावयाचेच असतात. टायफॉइड, डेंग्यू किंवा दुसरा कोणताही मोठा ताप येऊन गेल्यावर दोन-तीन महिन्यांनी केसांचे झुपकेच्या झुपके गळू लागतात. ताप विसरला गेलेला असतो आणि केसांचे कारण सापडत नाही. अशा एका मुलीची आई गळलेल्या केसांचा गुंता पिशवीत भरून घेऊन आली होती आणि ती पिशवी टेबलावर ठेवताना तिचे हात कापत होते. "दिवाळीच्या आधी हिला ताप आला होता का?" एवढे विचारताच मायलेकी एकमेकींकडे पाहू लागल्या. सहा महिन्यांत त्या मुलीच्या कपाळावर नव्या केसांची आखूड झालर आली. शाळेच्या नियमापायी दोन वेण्या करकचून घालून, वर रिबिनी बांधून येणाऱ्या मुलींच्या कानशिलाजवळचे केस त्या ताणाने जातात. वेळीच वेणी सैल केली तर ते परत येतात, वर्षानुवर्षे ताण राहिला तर येत नाहीत. अशा मुलींसाठी मी मुख्याध्यापिकांच्या नावे चिठ्ठ्या लिहिल्या आहेत आणि बहुतेकींनी त्या मानल्या. लोहाची कमतरता, थायरॉइडचा बिघाड, बीजकोषांचा विकार, ही कारणे मुलींमध्ये शोधावी लागतात. मधला भांग रुंद होत चालला आहे आणि पाळीही नियमित नाही, अशी मुलगी आली तर नुसत्या केसांकडे पाहून भागत नाही.

चाईची गोष्ट आणखी निराळी. तिच्यात रुपयाएवढा गोल, गुळगुळीत चट्टा पडतो. शरीराची संरक्षणव्यवस्थाच केसांच्या मुळांवर उलटलेली असते, आणि पुष्कळदा केस आपले आपणच परत येतात. पण तेवढा धीर धरावयाचा कोणी? चौदा वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे आला तो डोक्यावर ओली जखम घेऊनच. चाईवर बिब्बा उगाळून लावावा असा सल्ला घरच्या एका वडीलधाऱ्या माणसाने दिला होता. बिब्ब्याचे तेल कातडीला किती जाळते हे ज्याने पाहिले आहे त्याला त्या मुलाच्या यातना सांगावयास नकोत. जखम बरी झाली, पण जेथे व्रण धरला तेथे केस उगवले नाहीत. चाईने जे कदाचित परत दिले असते ते इलाजाने कायमचे नेले.

मुलाला स्टुलावर बसविल्यानंतर मी पहिल्यांदा मोठा दिवा लावतो आणि काय करणार आहे ते त्याला सांगतो. पन्नास-साठ केसांची एक बट अंगठा आणि तर्जनीत धरून मुळापासून टोकापर्यंत हलके ओढावयाची; सहाहून अधिक केस हाती आले तर गळती चालू आहे असे समजावयाचे. मग भांगाच्या कडेला पांढऱ्या कागदाचा एक तुकडा धरावयाचा. एकाच जागच्या केसांत काही जाड, काही सुतासारखे बारीक असे मिश्रण दिसले की निदानाची दिशा ठरते. हे मी मुलाला आरशात दाखवितो आणि काही न लपविता त्याचा अर्थ सांगतो. आईबापांना या वेळी बाहेर बसवितो. कित्येक मुले येथे रडतात. रडू ओसरल्यावर त्यांचा पहिला प्रश्न बहुधा "वाचतील का?" असा असतो, जणू मी त्यांच्या घरच्या कोणा आजारी माणसाला तपासत आहे, आणि त्या प्रश्नाला तितक्याच गांभीर्याने उत्तर देणे मी माझे कर्तव्य समजतो.

माझ्या विद्यार्थिदशेत जे औषध नव्हते ते आज आहे, आणि त्याची हकीगत मुलांना सांगितली की त्यांचा औषधावरचा आंधळा विश्वास आणि आंधळा अविश्वास दोन्ही कमी होतात. मिनॉक्सिडिल ही मुळात रक्तदाबाची गोळी; ती घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले म्हणून तिचे डोक्यास लावावयाचे द्रव्य केले गेले आणि अमेरिकेत १९८८ साली त्याला मान्यता मिळाली. फिनास्टेराइड हे प्रोस्टेट ग्रंथीचे औषध. त्याची एक मिलिग्रॅमची गोळी १९९७ साली पुरुषांच्या टकलासाठी मान्य झाली. दोन्हींची मान्यता प्रौढांसाठी आहे. अठरा वर्षांच्या आतील मुलाला फिनास्टेराइड मी देत नाही, आणि प्रौढ मुलालाही, थोड्या लोकांत लैंगिक तक्रारी व उदासीनता यांची नोंद झाली आहे हे सांगितल्यावाचून देत नाही. मिनॉक्सिडिलविषयी मी एक गोष्ट आधीच लिहून देतो : पहिल्या काही आठवड्यांत केस अधिक गळतील, कारण विसावलेले जुने केस नव्यांसाठी जागा सोडतात, गुण दिसावयास चार ते सहा महिने लागतील, आणि औषध थांबविले की मिळालेले हळूहळू जाईल. ही अट ऐकून काही मुले उठून जातात. त्यांना मी थांबवीत नाही. आयुष्यभर चालणारा करार सतराव्या वर्षी न करण्याचा त्यांना पुरता हक्क आहे.

याउलट ज्या जाहिराती तीस दिवसांत दाट केसांची हमी देतात, त्यांच्यापायी मुलांनी खाऊचे, शिकवणीचे, क्वचित कॉलेजच्या फीचेही पैसे उडविलेले मी पाहिले आहेत. आपल्या देशातील औषध नियमांना जोडलेल्या 'जे' या परिशिष्टात, ज्या विकारांवर अक्सीर इलाज असल्याचा दावा कोणत्याही औषधाने करू नये, अशा विकारांची यादी आहे आणि तीत टक्कल स्पष्टपणे नमूद आहे. ते पान मी दवाखान्यात ठेवले आहे आणि वाचावयास देतो. केस रोपणाची घाई हाही याच जातीचा मोह. नॉर्मन ऑरेंट्राइक यांनी १९५९ साली दाखविले की डोक्याच्या मागच्या बाजूचे केस पुढे लावले तरी आपला टिकण्याचा गुण सोडत नाहीत, आणि त्यावर हे सारे तंत्र उभे आहे. पण मागचा साठा मर्यादित असतो. एकोणिसाव्या वर्षी पुढची रेषा भरून घेतली आणि पुढे दहा वर्षांत तिच्यामागचे सर्व केस गेले, तर कपाळावर केसांची एक पट्टी आणि मागे माळरान अशी अवस्था होते. तशी अवस्था झालेला एक तरुण माझ्याकडे आला होता. त्याच्या बापाने त्यासाठी जमिनीचा तुकडा विकला होता.

एका मुलाविषयी थोडे विस्ताराने सांगतो. तो अठरा वर्षांचा, हुशार, आणि घराबाहेर पडणे त्याने जवळजवळ सोडलेले. पहिल्या भेटीत त्याने दप्तरातून लिफाफ्यांची एक गड्डी काढली. प्रत्येक लिफाफ्यावर तारीख, आत त्या दिवशी उशीवर, कंगव्यात आणि न्हाणीघरात सापडलेले केस, आणि बाहेर कोपऱ्यात बारीक अक्षरात त्यांची संख्या. मी ते सारे लिफाफे त्याच्यासमोर उघडले, एकही वगळला नाही. सूक्ष्मदर्शकाखाली केसांच्या मुळाशी असलेली पांढरी गाठ त्याला दाखविली आणि सांगितले की हे केस आपला काळ पुरा करून गळलेले आहेत. तुझे खरे नुकसान या लिफाफ्यांत सापडणार नाही, कारण जे केस बारीक होत आहेत ते अजून डोक्यावरच आहेत. त्याने बराच वेळ भिंगातून डोळा काढला नाही. नंतर त्याने औषध सुरू केले, सुरुवातीच्या वाढीव गळतीत धीर सोडला नाही, आणि वर्षभराने, थोडाफार गुण दिसत असतानाच, आपण होऊन ते थांबविले. त्याचे म्हणणे असे की दिवसातून दोनदा औषध लावताना दोनदा आरशासमोर उभे राहावे लागते, आणि ते त्याला नको झाले होते. यंत्राने केस अगदी बारीक करून तो कॉलेजात गेला. पहिला आठवडा जड गेला असे त्याने सांगितले. दुसऱ्या आठवड्याविषयी सांगण्यासारखे काही नव्हते. दुसऱ्या एका मुलाने याच्या उलट केले, औषध आजतागायत चालू ठेवले, आणि तोही सुखात आहे. यांपैकी कोणता मार्ग श्रेष्ठ हे मला सांगता येत नाही, आणि विचारले तरी मी सांगत नाही.

काळ थोडा पालटला आहे हे मी कृतज्ञतेने नमूद करतो. १९८४ साली 'सारांश' आला तेव्हा शिवाजी पार्कजवळ राहणाऱ्या निवृत्त मराठी शिक्षकाची भूमिका करणारे अनुपम खेर अवघे अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांचे होते. अकाली केस गेलेल्या तरुणाला पडद्यावर वार्धक्याची जागा मिळाली, पण त्या एका भूमिकेने त्यांचे नाव झाले आणि ते डोके त्यांनी पुढेही लपविले नाही. २०१९च्या नोव्हेंबर महिन्यात तर अकाली टक्कल पडलेल्या तरुणाला नायक करणारे दोन हिंदी चित्रपट पाठोपाठ आले. आपल्या दुःखाला चारचौघांत बोलण्याइतकी प्रतिष्ठा आहे, हे मुलांना अशा गोष्टींनी कळते.

अलीकडची मुले मोबाइलमध्ये स्वतःच्या टाळूची छायाचित्रे घेऊन येतात. रोज काढलेली, वेगवेगळ्या दिव्यांखालची, वरून, मागून, ओल्या केसांची. अशा छायाचित्रांवरून कोणताही निष्कर्ष काढता येत नाही आणि मुलाचा जीव मात्र टांगणीला लागतो. म्हणून मी त्यांच्याकडून एक गोष्ट कबूल करून घेतो : घरी छायाचित्र काढावयाचे नाही, मी माझ्याकडे, एकाच दिव्याखाली, एकाच अंतरावरून, कोरड्या केसांचे काढीन आणि सहा महिन्यांनी दुसरे काढून दोन्ही शेजारी ठेवीन. मध्ये ताप, नवी औषधे किंवा चट्टा असे काही झाले तरच आधी यावयाचे. सहा महिन्यांनी कित्येकांना असे दिसते की त्यांच्या मनात जेवढे केस गेले तेवढे डोक्यावरून गेलेले नाहीत. ज्यांचे केस खरोखर विरळ झालेले दिसतात त्यांच्याशी मग औषधाविषयी, वयाविषयी, खर्चाविषयी आणि घरच्यांना काय सांगावे याविषयी बोलणे सुरू होते. त्या बोलण्याला वेळ लागतो. म्हणून अशा मुलांना मी संध्याकाळचा शेवटचा क्रमांक देतो.